क्यूबिटची डबी

देवीदासचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. चारला रायपूरजवळच्या बीरगांवच्या नळाला पाणी यायचं. शांताबाई उठून दोन बादल्या आणि एक पिंप भरून घ्यायची, त्याला दहा मिनिटं लागायची, मग मोरी मोकळी. एकतीस वर्षं तो या वेळेला उठला. साठाव्या वर्षी कारखान्यानं हार घालून घरी पाठवलं, तरी दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी तो मोरीच्या दारात उभा होता.

शांताबाई म्हणाली, "आज कुठं चालले?"

"कुठंच नाही."

"मग आंघोळ कायले करून राहिले? झोपा ना."

तो झोपला नाही. चार महिन्यांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्या, कड्या आणि कुलपं दुरुस्त करून झाली. शेजाऱ्यांचीही झाली. मग शेखर आला.

शेखर त्याचा सोबती. कारखान्यात दोघांचे लेथ शेजारी-शेजारी, मध्ये तीन फूट जागा. धातूची दांडी गरगर फिरते आणि तिच्यावर हत्यार टेकवून ती पाहिजे त्या मापाची कापायची, हे लेथचं काम. देवीदास उजवा, शेखर डावरा. डावऱ्याला लेथवर त्रास असतो, सगळ्या मुठी उजव्या हाताच्या सोयीनं बसवलेल्या असतात. शेखरनं कुरकुर केली नाही, आपली पद्धत बसवली. तीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. देवीदासला कावीळ झाली तेव्हा शेखर सव्वा महिना दोन्ही मशीनवर उभा राहिला. देवीदास हे विसरला नव्हता. अशा गोष्टी तो विसरत नसे.

कारखान्यानं जुनी मशीनं लिलावात काढली तेव्हा शेखरनं फंडाच्या पैशातून दोन घेतली आणि भनपुरीत पत्र्याची शेड टाकली. त्यातलं एक मशीन देवीदासचं.

"तुझं मशीन माझ्या हाताले येऊन नाही राहिलं," शेखर म्हणाला. "तुलेच ओळखते ते. ये ना यार. कंपनी थोडी आहे, आपलंच आहे."

देवीदास गेला. मशीनसाठी गेला, शेखरसाठी गेला, आणि तिसरं कारण शांताबाई. रायपूरचा मे महिना तिला आता सोसत नव्हता. कूलरच्या ओल्या हवेनं तिची छाती भरायची. एसी घ्यायचा ठरला होता. मजुरी तुझ्याकडंच राहू दे, एकदम घेईन, असं देवीदासनंच शेखरला सांगितलं. घरात आलेला पैसा घरात राहत नाही, हा त्याचा अनुभव.

गेल्या वर्षी मार्चमध्ये गंधाली शेडवर आली. तात्यापाऱ्यातल्या भार्गवची मुलगी. भार्गव कारखान्यात ड्रॉइंग काढायचा. तो जाऊन आता सहा वर्षं झाली. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कारखान्यात घरच्यांना आत सोडत, वर्षातून तेवढा एकच दिवस. गंधाली सात वर्षांची असताना बापाचं बोट धरून आली होती. पूजेला मशीन चालवत नाहीत, म्हणून देवीदासनं आदल्या दिवशीच पितळेच्या उरलेल्या तुकड्याचा भोवरा करून ठेवला होता. तो त्यानं तिला दिला. आता ती तिशीची झाली होती आणि दक्षिणेकडच्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होती.

"भोवरा अजून टेबलावर आहे काका," ती म्हणाली. "चार मिनिटं फिरतो. मी घड्याळ लावून मोजलं."

"चार मिनिटं वीस सेकंद," देवीदास म्हणाला. "खाली काच असली तर."

ती हसली आणि तिनं ड्रॉइंग पसरलं. तांब्याची गोल डबी, कुंकवाच्या करंड्याएवढी. वरचा अर्धा, खालचा अर्धा, मध्ये एका बाजूला नखाएवढी खाच. दोन्ही अर्धे एकमेकांवर असे बसायला हवे होते की मध्ये काहीच राहू नये. परदेशातून मागवली तर आठ महिने. आधी दोन ठिकाणी करून घेतली, बसली नाही.

"यात काय ठेवणार?" देवीदासनं विचारलं.

"क्यूबिट."

शेखर चहाचे ग्लास घेऊन आला. "हे कोणतं औषध?"

"औषध नाही काका. हिशोब करणाऱ्या नव्या मशीनचं सगळ्यात लहान अंग." गंधाली पेचात पडली की हिंदीवर यायची, पण त्या दिवशी ती सावकाश मराठीत बोलली. "आपल्या मोबाइलमधलं सगळं, फोटो, गाणी, बोलणं, आतून दिव्याच्या बटनासारखं असतं. चालू नाहीतर बंद. एक नाहीतर शून्य. त्या एका बटनाला बिट म्हणतात. माझ्याकडे आहे ते क्यूबिट. ते एक पण असतं आणि शून्य पण असतं, दोन्हींचं मिळून. कोणतं किती, ते मी ठरवू शकते. पण पाहायला गेलं की एकच हाती लागतं. एक नाहीतर शून्य."

"म्हंजे नगर निगमची पाण्याची लाइन," शेखर म्हणाला. "आहे बी अन् नाही बी. तोटी उघडली की समजते."

देवीदास हसला नाही. त्याला पटत नव्हतं आणि न पटलेलं तो सोडत नसे. "थांब. ही दांडी मी मोजली नाही, तरी तिचं माप असतेच ना? मोजली तेव्हा मले समजलं, एवढंच. माप तर आधीच होतं."

"हव," शेखर म्हणाला.

"तिथंच सगळे अडकतात," गंधाली म्हणाली. "दांडीचं माप असतं, फक्त तुम्हाला माहीत नसतं. पाण्याचंही तसंच, लाइनमध्ये आहे की नाही ते ठरलेलं असतं. क्यूबिटमध्ये ठरलेलंच नसतं. लपवलेलं नाही, ठरलेलंच नाही. खरंच दोन्हींत असतं."

"पाहिलं की एकच दिसते, तर दोन्हींत होतं हे तुले कसं समजलं?"

गंधालीनं ग्लास खाली ठेवला. हा प्रश्न तिला कोणी शेडमध्ये विचारेल असं वाटलं नसावं. "पाहायच्या आधी त्या दोन्हींना एकमेकांशी भिडवायचं. कुठं ते एकमेकांना खोडतात, कुठं वाढवतात. हजारदा केलं की खोडल्याच्या खुणा दिसतात. एकच काहीतरी असतं तर खोडलं कोणी?"

देवीदासनं चहा संपवला. "पटलं असं नाही म्हणत. पण तू हजारदा करून पाहिलं आहे तर असेल."

मग ती डबीकडे वळली. क्यूबिट फार हळवं. जराशी उष्णता, धूळ, चुकार लहर, काहीही लागलं की ते आपोआप एका बाजूला पडतं, जणू दुसऱ्याच कोणी पाहून घेतलं. म्हणून त्याला ताऱ्यांमधल्या मोकळ्या आकाशापेक्षाही थंड जागेत ठेवायचं, तांब्याच्या बंद डबीत. त्याची नक्कल काढून ठेवता येत नाही. बिघडलं की गेलं.

"किती वेळ टिकलं पाहिजे?"

"पंचवीस मायक्रोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले पंचवीस."

"एवढ्या वेळात तर माझी बायको नाही म्हणायले तोंड बी उघडत नाही," शेखर म्हणाला.

"तीन गोष्टी पाहिजेत," गंधाली देवीदासकडे पाहून म्हणाली. "आतला काठ धारदार. जराही गोल नको. दोन अर्धे बसतात तिथं काठ गोल झाला की फट राहते, आणि त्या फटीतून सगळं गळतं. आत तेल नको. आणि पॉलिश नको. हत्यारानं कापलेलं आहे तसंच राहू द्या."

"पॉलिश नको?" शेखरला हे खरं वाटेना. भनपुरीच्या कुठल्याही शेडमधून माल बफ मारल्याशिवाय जात नाही. बफ म्हणजे फिरतं कापडी चाक. त्याला लाल साबणाची वडी लावतात आणि जिन्नस टेकवला की आरशासारखा चमकतो. गिऱ्हाईक माप पाहत नाही, चमक पाहतं. "माल चमकून गेला पाहिजे," हे शेखरचं नेहमीचं वाक्य.

"नको म्हणाली ना ती," देवीदास म्हणाला.

तांबं चिकट असतं. लोखंड कापलं जातं, तांबं ओढलं जातं. हत्यार जरा बोथट असलं की काठावर बारीक कुसळांचा पिसारा येतो. देवीदासनं हत्यार दगडावर हातानं घासलं, एका धारेला दीड तास. तेलाऐवजी स्पिरिट वापरलं. आणि वेळ ठरवली. तांबं उन्हानं फुगतं. एप्रिलमध्ये पहाटे आणि दुपारी त्या जाडीच्या दांडीत दीड शतांश मिलिमीटरचा फरक पडतो, आणि गंधालीला एका शतांशाचीही चूक चालणार नव्हती. म्हणून पाचला शेडचं कुलूप उघडायचं, आठला थांबायचं. शेजारी रोलिंग मिल होती, तिच्या धक्क्यानं जमीन हलायची. शेवटचा हात फक्त पाळी बदलायच्या वेळी, सहा ते साडेसहा, मिल गप्प असते तेव्हा. रोज अर्धा तास. दोन अर्ध्यांना अकरा सकाळी लागल्या. तिसऱ्या सकाळी एक अर्धा बिघडला, केसभर जास्त कापला गेला. कापलेलं परत लावता येत नाही. त्यानं तो बाजूला टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं.

बाराव्या दिवशी त्यानं दोन्ही अर्धे एकमेकांवर ठेवले आणि वरचा उचलला. खालचा त्याच्याबरोबर उचलला गेला, मग क्षणभरानं सुटला. स्क्रू नाही, काही नाही. फक्त बसले होते.

शेखरनं ते पाहिलं. "वा रे," म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

त्याच दिवशी अभनपुरहून निरोप आला, देवीदासचे साडू वारले होते. त्याला निघावं लागलं. त्यानं डबी स्पिरिटनं धुतली, स्वच्छ कागदात गुंडाळली.

"पॅक करून कुरिअरले दे. बफ नाही. उघड्या हातानं आतून धरू नको."

"हव, हव. जा तू."

दुसऱ्या दिवशी देवीदास परत आला. डबी गेली होती. शेखरनं पावती दाखवली, त्याला चहा दिला, साडवाचं विचारलं.

त्यानंतर पाच महिने रोज दोघांनी समोरासमोर बसून चहा घेतला. देवीदास अधूनमधून विचारायचा, गंधालीचा फोन आला का? शेखर म्हणायचा, मोठ्या लोकांचं काम, वेळ लागते. जुलैत एकदा म्हणाला, आता एखादं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घ्यावं म्हणतो, तुले बी आराम. देवीदास म्हणाला, मले आराम नको.

सतरा सप्टेंबरला शेडवर विश्वकर्मा पूजा होती. मशीनं धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू लावलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. गंधाली रजेवर आली होती, ती बुंदीचा डबा घेऊन आली. तिनं वाकून देवीदासला नमस्कार केला आणि उठताना त्याचा हात हातात धरला. नको तितका वेळ धरला.

"काका, आप अब आराम किया करो," ती म्हणाली. "खूप काम केलंत आयुष्यभर."

तिचा आवाज मऊ होता. आजाऱ्याशी बोलतात तसा. देवीदासनं हात सोडवून घेतला.

"डबीचं काय झालं?"

"जाऊ द्या ना. झालं ते झालं."

"किती टिकलं?"

ती पूजेच्या फुलांकडे पाहत राहिली. "दोन मायक्रोसेकंद. काका, सच में, किसी की गलती नहीं है. शेखर काकांनी सांगितलं मला फोनवर. तुमचा हात आता थरथर कापतो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्यांनी मला बोलायला मना केलं होतं. ते म्हणाले, पुढच्या डब्या कॉम्प्युटरच्या मशीनवर करून देतील."

शेडमध्ये आरती सुरू झाली होती. शेखर घंटा वाजवत होता, डाव्या हातानं.

"फोटो आहे?" देवीदासनं विचारलं.

"काका, राहू द्या."

"काठाचा फोटो काढला असशील. तू भार्गवची पोट्टी आहे, काढल्याशिवाय नाही राहणार. दाखव."

तिनं मोबाइल काढला. सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो होता, तांब्याचा पृष्ठभाग शेतासारखा दिसत होता. देवीदासनं चष्मा पुसला. आपल्या हत्याराच्या गोल रेघा त्यानं लगेच ओळखल्या. मधून बाहेर जाणाऱ्या, एकसारख्या अंतरावरच्या. हात थरथरला तर तो त्या रेघांत दिसल्याशिवाय राहत नाही. एकही रेघ थरथरलेली नव्हती. पण त्यांच्यावरून तिरप्या रेघा गेल्या होत्या, आणि खोबणीत लाल ठिपके होते. काठ, जो त्यानं वस्तऱ्यासारखा ठेवला होता, तो साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा गोल झाला होता.

"हा बफ आहे," तो म्हणाला. "हे लाल दिसते ते बफचा साबण."

"पण मी तर..."

"मी नाही मारला."

"मग कोणी?"

तिरप्या रेघा वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली डावीकडे उतरत होत्या. उजव्या हाताचा माणूस बफवर जिन्नस धरतो तेव्हा रेघा उलट्या दिशेनं पडतात. तीन फुटांवरून तीस वर्षं त्यानं या रेघा पाहिल्या होत्या. त्यानं मोबाइल परत दिला.

"बफच्या आधी डबी बरोबर होती," तो म्हणाला. "तुले दुसरी करून देतो."

तिनं मान हलवली. ती मान विश्वासाची होती की म्हाताऱ्याचं मन राखायची, हे त्याला कळलं नाही. सगळ्यात जास्त तेच लागलं.

लोक प्रसाद घेऊन गेले. शेखर ताटातली बुंदी झाकत होता.

"शेखर, डबीले बफ लावला होता?"

"कोणती डबी?"

"आपण इथं डझनभर डब्या नाही केल्या."

शेखरचा हात थांबला. "पोट्टी काही बोलली का?"

"रेघा बोलल्या. उजवीकडून खाली डावीकडं. तसा बफ धरणारा मले एकच माणूस माहीत आहे."

शेखर स्टुलावर बसला. "पडली रे हातातून. पॅक करता करता. काठाले जरासं लागलं, नखाएवढं. म्हटलं, पुसून टाकू. मग एक अर्धा चमकून राहिला अन् दुसरा मेल्यासारखा दिसे, म्हणून त्याले बी लावला. चांगलं दिसावं म्हणूनच ना केलं? वाईट व्हावं म्हणून थोडी!"

"मले सांगायचं."

"तू अभनपुरले होता."

"दुसऱ्या दिवशी आलो. पाच महिने तुझ्यासमोर चहा पिऊन राहिलो."

शेखर सांडलेली बुंदी वेचून ताटात टाकू लागला.

"ते बी सोड. माणसाच्या हातून पडते. माझा हात कापते, हे काहून सांगितलं?"

"फोन आला तिचा अचानक. मी काय सांगू, मी पाडली? त्यांच्याकडं वीस डब्यांचं काम आहे, देवीदास. माझं नाव खराब झालं असतं तर शेड गेली असती. तुझं काय? तू तर आज ना उद्या सोडणारच. माणूस म्हातारा होते, हात कापते, त्याले कोणी वाईट म्हणत नाही. उलट माया करतात लोक. तुझं काय गेलं त्यात?"

देवीदासनं उजवा हात त्याच्यापुढे धरला. पालथा, बोटं पसरून. बाहेर मिल चालू होती, जमीन हलत होती, टेबलावरचे ग्लास किणकिणत होते. हात हलला नाही. त्यानं तो बराच वेळ तसा धरला, आणि शेखर सगळा वेळ बुंदीच्या ताटाकडे पाहत होता.

"माझी मजुरी दे," देवीदास म्हणाला.

शेखरनं दिली. पूर्ण दिली, त्यात खोट काढायला जागा नव्हती. देवीदास निघताना आपल्या मशीनजवळ थांबला नाही. त्याला हळदकुंकू लावलं होतं, माळ घातली होती. ते आता शेखरचं होतं.

बीरगांवपर्यंत तो पायी आला. वाटेत त्याला गंधालीचं बोलणं आठवलं. ते दोन्हींत असणारं, पाहिल्यावर एक होणारं. त्यानं ते शेखरला लावून पाहिलं आणि ते बसलं नाही. शेखर दोन्हींत नव्हता. डबी हातातून पडली त्या दिवशी नाही, पण फोन उचलला त्या दिवसापासून तो एकच होता. ठरलेला. फक्त देवीदासनं पाहिलं नव्हतं. ती दांडीची गोष्ट होती, क्यूबिटची नाही. त्या पोरीचं म्हणणं त्याला त्या दिवशी कळलं, आणि कळायला ही वाट लागली याचं त्याला बरं वाटलं नाही.

शांताबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग पैशांच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. "म्हंजे आता याचं तांबं येणार?"

"हव."

"तुमच्या त्या डबीले आकाशापेक्षा थंडावा अन् मले मे महिन्यात घाम."

"पुढच्या वर्षी घेऊ."

"कशाच्या पैशानं? शेखर देणार आहे?" ती आत गेली. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "कापत नाही तुमचा हात. काल चहा ओतताना पाहिलं मी. थेंब नाही सांडला." आणि आणखी थोड्या वेळानं, "त्या मेल्याले मी कावीळच्या वक्ती रोज भाकर पाठवली."

शुद्ध तांबं सहज मिळत नाही. गंधालीकडून विक्रेत्याचं नाव घेतलं, दांडी मागवली, शुद्धतेच्या कागदासकट. उरला रोडवर एका अनोळखी माणसाच्या शेडमध्ये पहाटेचे तीन तास लेथ भाड्यानं घेतला. मशीन वाईट नव्हतं, पण परकं होतं. मूठ फिरवली की पाव फेरा रिकामा जायचा, मग हत्यार हलायचं. आपल्या मशीनची अशी प्रत्येक खोड त्याला ठाऊक होती. याच्या खोडी शिकण्यात सहा सकाळी गेल्या. त्या सहा दिवसांत त्यानं तांब्याला हातही लावला नाही, भंगारातल्या पितळेवर कापत राहिला. सातव्या दिवशी तांबं लावलं. डबी पुरी व्हायला आणखी पंधरा सकाळी लागल्या. एकही अर्धा बिघडला नाही.

या वेळी त्यानं ती कोणाच्या हाती दिली नाही. कागदात गुंडाळून शांताबाईच्या स्टीलच्या डब्यात बसवली, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. बत्तीस तासांचा प्रवास झाला. बाजूच्या बाईनं विचारलं, काका, इतकं काय धरून बसलात? तो म्हणाला, रिकामी डबी आहे.

संस्थेच्या दारात गंधालीनं डबी घेतली. हातमोजे घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तो तिच्या मागे उभा होता. ती खूप वेळ पाहत राहिली. मग वळली, आणि तिचे डोळे लाल झाले होते.

"काका, मैंने मान लिया था," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं आणि मी मानलं. मोजलं नाही. तुम्हाला एक फोन केला नाही."

"हव," देवीदास म्हणाला. ते खरं होतं, म्हणून त्यानं जाऊ दे म्हटलं नाही.

डबी तेवढी थंड व्हायला दिवस लागतात, म्हणून तो थांबला नाही. परत आल्यावर एकदा भनपुरीवरून गेला. शेखरच्या शेडवर नवा बोर्ड लागला होता: यहाँ क्वांटम कंप्यूटर के पुर्जे बनते हैं. खाली डबीचं चित्र होतं, आरशासारखं चमकणारं. दारातून आत देवीदासचा लेथ दिसत होता. कोणी दुसराच त्याच्यावर उभा होता आणि हत्यार पाहिजे त्यापेक्षा उंच बांधलं होतं. देवीदास थांबला, मग निघाला. सांगायला गेला नाही.

डिसेंबरच्या एका सकाळी फोन आला. गंधालीनं नमस्कारही केला नाही. आकडा सांगितला. देवीदासनं तो तिला परत म्हणायला लावला आणि शांताबाईच्या दुधाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला.

शेखरकडून घेतलेली मजुरी सात महिन्यांची होती. तिच्यात आली तांब्याची एक दांडी, परक्या लेथवरच्या एकवीस सकाळी, जाण्यायेण्याचं तिकीट, आणि सव्वीस मायक्रोसेकंद.